ऐकलंत का, वहिनी बेली डान्सला जातात!

शिव शिव शिव! सांगू की नको असं झालंय. पण पोटात तरी किती ठेवायचं, आणि त्यात विषयच पोटाचा.

गंगापूर रोडवरची एक सोसायटी. नाव विचारू नका, तुमचीच निघायची. मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी अकरा वाजता तिथल्या क्लबहाउसचं दार आतून लागतं. पडदे ओढले जातात. मग ठेका सुरू होतो. ढोलकी म्हणावी तर ढोलकी नाही, डफ म्हणावा तर डफ नाही. आणि त्या ठेक्यावर छन् छन् छन्, सुट्ट्या पैशांचा पत्र्याचा डबा कुणी जोरजोरात हलवावा तसं. आत कोण? तर सत्यनारायणाचा सव्वा किलोचा शिरा एकहाती ढवळणाऱ्या वहिनी. भिशीचा हिशेब पैशापैशाने चोख ठेवणाऱ्या काकू. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या एक ताई. आणि, आता जरा टेकून बसा, एक सासूबाई! सुनेच्या बिनबाह्यांच्या ब्लाउजवरून ज्यांनी अख्खा अधिक महिना अबोला धरला होता, त्याच. ही सगळी मंडळी बंद दाराआड करतात काय? बेली डान्स. पोटाचा नाच. घ्या आता!

बातमी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर पोचली तेव्हा बिचारी अगदी साधी होती. ‘बायका व्यायामाचा काहीतरी नाच शिकतायत,’ एवढीच. पहिल्या फेरीत तिच्या कंबरेला नाण्यांचा पट्टा आला. दुसऱ्या फेरीत शिकवणारी दुबईहून विमानानं येऊ लागली. तिसऱ्या फेरीत कुणाच्या तरी मिस्टरांनी घर सोडलं (ते सिन्नरला कामाला गेले होते, संध्याकाळी परत आले). बातमी गोल्फ क्लबच्या मैदानावर पोचेपर्यंत तिच्यात एक सापही आला होता. आता सोसायटीतल्या कुठल्या वहिनी साप हातात घेतील? त्यांना पाल दिसली तरी वॉचमन लागतो. पण खमंग गोष्टीत असले प्रश्न विचारायचे नसतात.

सोसायटीची सभा झाली. म्हणजे विषयपत्रिकेवर पाण्याची टाकी होती, बोलणं सगळं कंबरेचं झालं. एक निवृत्त काका उभे राहिले. ‘मी आधुनिक विचारांचा आहे,’ अशी सुरुवात त्यांनी केली, तेव्हाच पुढचं ‘पण’ सगळ्यांना दिसलं. पण हे नाशिक आहे, म्हणाले. तीर्थक्षेत्र आहे. इथे रामाचे पाय लागलेत. इथे हे असलं उघडंवाघडं?

काकांचं म्हणणं बिनतोड आहे. नाशिक आणि उघडं अंग! छे छे. रामकुंडावर पहाटे जे दिसतं ते काय मग? घेरदार पोटं, सडपातळ पोटं, जानव्याची पोटं, बिनजानव्याची पोटं, थंडीत काकडणारी आणि उन्हात वाळणारी पोटं, सगळी सताड उघडी. त्यांच्याकडे बघून कुणी पदर तोंडाला लावल्याचं ऐकिवात नाही. दर बारा वर्षांनी सिंहस्थ येतो. मागचा २०१५ मध्ये झाला, पुढचा २०२७ मध्ये आहे. त्र्यंबकेश्वरला कुशावर्ताकडे नागा साधूंची मिरवणूक निघते तेव्हा अंगावर भस्माशिवाय काही नसतं, आणि आपण लेकरांना खांद्यावर बसवून दर्शन घडवतो. रंगपंचमीला तिवंधा चौकात, शनि चौकात पेशव्यांच्या काळापासूनच्या रहाडी उघडतात. त्या रंगीत पाण्यात जे धप्पे मारले जातात ते काय कोट घालून?

आणि हे सगळं परंपरेतलं म्हणून सोडून द्या. नवं काय कमी आहे? आपल्या महाजन डॉक्टर बंधूंनी २०१५ मध्ये रेस अक्रॉस अमेरिका ही सायकल शर्यत पुरी केली, गावाची मान उंचावली, फार छान झालं. त्यानंतर गंगापूर धरणाच्या रस्त्यावर भल्या पहाटे पन्नाशीचे गृहस्थ अंगाला घट्ट चिकटलेल्या चड्ड्या घालून सायकली हाणताना दिसू लागले. ती चड्डी कशी, तर घालणाऱ्याचं कुठलंही गुपित ती ठेवत नाही. त्यावर सभा? छे! उलट त्यांचे फोटो ग्रुपवर, खाली अंगठे, वर ‘प्रेरणादायी’.

राहिला नाच. आमच्या पुरुषांना नाचाचं वावडं आहे असं कोण म्हणेल? वरातीत बँडवाल्यानं पुंगीची धून धरली की तोंडात रुमाल धरून भर रस्त्यात डांबरावर आडवा होतो तो कोण असतो? दोन कोपर, दोन गुडघे आणि मध्ये पोट, त्यावर सरपटत तो पार घोड्याच्या पायापर्यंत जातो. पोटाचा नाच म्हणायचं तर खरा तोच. त्याला क्लास नाही, फी नाही, वयाची अट नाही.

तेव्हा हरकत उघड्या पोटाला नाही आणि नाचालाही नाही, एवढं आपण तूर्त बाजूला ठेवू. मग हरकत कशाला आहे? सांगते, पण आधी दाराच्या आत नेऊन आणते. पत्रकारितेचा धर्म म्हणून मी स्वतः जाऊन आले. नुसतं बघायला. तुम्हीही पहिल्यांदा असंच म्हणाल.

पहिला अपेक्षाभंग दारातच झाला. उघडं पोट एकही नव्हतं. ढगळ टी-शर्ट, लेगिंग, केसांना रबरबँड, पाय अनवाणी. कंबरेला मात्र ओढणीच्या त्रिकोणी तुकड्यावर शिवलेल्या नाण्यांच्या चार-पाच रांगा. याला हिप स्कार्फ म्हणतात आणि सगळा छनछनाट त्याचाच. सिनेमात दिसतो तो झगमगता दोन तुकड्यांचा पोशाख तिथे कुणाच्या कपाटातही नव्हता. खरं सांगायचं तर काठापदराची पाचवारी नेसून हळदीकुंकवाला जाताना याच बायकांचं वीतभर पोट जास्त दिसतं. सराफ बाजारात जाऊन तोळ्यांचा कंबरपट्टा घेतला की तो त्या उघड्या वितीवरच शोभून दिसतो आणि सासरची माणसं कौतुकाने वजन विचारतात. दीडदोनशे रुपयांचा नाण्यांचा पट्टा टी-शर्टवर बांधला की मात्र संस्कृती धोक्यात.

शिकवणारी मुलगी पंचविशीची, सिडकोतली. दुबई तिनं नकाशात पाहिली असावी. तिनं आधी उभं राहायला शिकवलं. गुडघे किंचित सैल, माकडहाड खाली सोडलेलं, छाती वर, खांदे मागे. एवढ्यावर निम्म्या वर्गाला घाम. आपण आयुष्यभर उभ्या असतो, ओट्यापाशी, बसमध्ये, रेशनच्या रांगेत, मुलाच्या शाळेच्या फाटकाबाहेर. पण उभं कसं राहायचं हे कुणी सांगितलेलं नसतं. सगळ्या एका पायावर भार टाकून, पोट पुढे सोडून, खांदे पाडून उभ्या. मुलगी म्हणाली, ‘काकू, छाती वर.’ काकूंनी इकडेतिकडे पाहिलं. पस्तीस वर्षं त्यांना उलटंच सांगण्यात आलं होतं.

मग एकेक अवयव वेगळा हलवायचा. कंबर हलली तर खांदे जागचे हलता कामा नयेत. छातीचा पिंजरा डावीकडे गेला तर कंबर तिथेच थांबली पाहिजे. ऐकायला सोपं आहे. करून बघा, आत्ता, वाचता वाचता, कुणी बघत नाहीये. हललं का? नाहीच हलणार. पहिल्या दिवशी कुणाचंच हलत नाही. आरशात अख्खी बाई एकदम डावीकडे जाते आणि एकदम उजवीकडे येते. मग कंबरेनं जमिनीला समांतर इंग्रजी आठचा आकडा काढायचा. मग एक पाय पुढे टेकवून कंबरेची एक बाजू वर उचलायची आणि ठेक्यावर पाडायची. शेवटी ती थरथर, तिला शिमी म्हणतात. बघणाऱ्याला वाटतं कंबर हलतेय. हलतात ते गुडघे, मागेपुढे, भराभर. कंबर सैल सोडलेली असते म्हणून ती नुसती सोबत करते. हे कळलं आणि वहिनींच्या नाण्यांचा जो काही पाऊस पडला म्हणता! खालच्या मजल्यावरून बेल वाजलीच. विचारणा झाली की फर्निचर सरकवताय का.

या नाचाचं मूळ आपल्याकडे शोधायच्या भानगडीत पडू नका. तसा उद्योग सुरू झालाच आहे. मंगळागौरीचा पिंगा म्हणजे आमचाच बेली डान्स, कार्ल्याच्या लेण्यांत मेखला घातलेल्या स्त्रिया कोरल्यात त्याच याच्या आद्य गुरू, वगैरे. परदेशातली गोष्ट आवडली की आधी तिची मुंज लावून घ्यायची आपली जुनी खोड. नाही हो. हा नाच इजिप्तचा, तुर्कस्तानचा, लेबनॉनचा. घरच्या लग्नात बायका बायकांसमोर नाचायच्या आणि भाड्याच्या नर्तकी सगळ्यांसमोर. अरबी नाव रक्स शर्की. आणि तिथेही रडकथा आपलीच. १८३४ मध्ये इजिप्तचा सत्ताधीश मुहम्मद अली पाशा यानं कैरोतल्या नर्तकींना गावाबाहेर काढलं, थेट दक्षिण इजिप्तमध्ये धाडलं. लग्नात नाचायला बाई तर हवी, पण आपल्या घरात तसली बाई नको, हे तिथे अजूनही चालतं. लावणीला शिट्ट्या मारून घरी गेल्यावर मुलीला ‘भरतनाट्यम्‌ शीक’ म्हणणाऱ्या मंडळींना हे समजवायला नकोच.

या नाचाचं नाव जगभर गाजलं ते मात्र अमेरिकेत, आणि कुठे, तर १८९३ च्या शिकागोच्या प्रदर्शनात. हो, तेच शिकागो! याच प्रदर्शनाच्या निमित्तानं भरलेल्या सर्वधर्म परिषदेत ११ सप्टेंबरला स्वामी विवेकानंद बोलले. त्याच प्रदर्शनाच्या करमणुकीच्या पट्ट्यात ‘कैरोचा रस्ता’ उभारला होता, त्यावर इजिप्तची घरं, उंट, आणि नाचणाऱ्या बायका. त्या पट्ट्याचा सोल ब्लूम नावाचा चलाख व्यवस्थापक होता. अँथनी कॉमस्टॉक नावाच्या संस्कृतिरक्षकानं येऊन नाच पाहिला, संतापून बंदीची मागणी केली, आणि पेपरांत गाजावाजा झाल्यावर तिकिटाची रांग आणखी लांबली. कॉमस्टॉक साहेबांनी नाच नीट पाहून घेतला होता, हे नमूद करायला हवं. निषेध करायचा तर अभ्यास हवाच.

आणखी एक गंमत. जगातला पहिला मोठा चक्राकार पाळणाही याच प्रदर्शनातला, जॉर्ज फेरिसनं बांधलेला, २६४ फूट उंच. आपल्या नवरात्रात कालिकेच्या यात्रेला जो आकाशपाळणा लागतो आणि ज्यात बसून तुम्ही-आम्ही किंकाळ्या मारतो, तो त्याचाच नातू. एकाच जत्रेतून तिघं जगभर गाजले. विवेकानंदांची तसबीर आपण भिंतीवर लावली, पाळणा कालिकेच्या यात्रेत उभा केला. नाचाला मात्र एकशे तीस वर्षं दाराबाहेर ठेवलं.

कैरोत १९२६ मध्ये बदिया मसाबनी नावाच्या बाईनं नाचगाण्याचं स्वतःचं रंगघर काढलं. तिथूनच पुढे सामिया गमाल आणि ताहिया कारियोका निघाल्या. चमचमता दोन तुकड्यांचा पोशाखही साधारण त्याच सुमाराला रुळला, आणि त्यात हॉलिवूडच्या कल्पनेतल्या ‘पूर्वे’चा हात मोठा. म्हणजे काका ज्याला अरबी असभ्यपणा म्हणतात त्यातला बराचसा कॅलिफोर्नियात शिवलेला आहे. आणि ताहिया कारियोकावर लिहिलं कुणी? एडवर्ड सईदनं, १९९० मध्ये. एवढा मोठा विद्वान लहानपणी कैरोत पाहिलेल्या नर्तकीवर मन लावून निबंध लिहितो. आपल्याकडे कुणी प्राध्यापक असं लिहील तर त्याची बढती थांबेल.

हे झालं परक्यांचं. आपलं नाशिक तरी काय कमी? पांडवलेण्यांच्या पायथ्याशी ज्यांचं स्मारक आहे, त्या दादासाहेब फाळक्यांची गोष्ट घ्या. ‘राजा हरिश्चंद्र’ला बाई मिळेना. शोधून शोधून थकले, अगदी नाचगाण्यावर पोट असलेल्या बायकांनीही नाही म्हटलं. शेवटी अण्णा साळुंके नावाचा उपाहारगृहात काम करणारा पोऱ्या तारामती झाला. १९१३ चा तो चित्रपट चालला, फाळके मुक्काम हलवून नाशिकला आले आणि पुढचा विषय त्यांनी निवडला ‘मोहिनी भस्मासुर’. आता मोहिनी म्हणजे नाच आला. तेव्हा नाशिकात मुक्कामाला असलेल्या नाटक कंपनीतल्या दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला पुढे आल्या. आई पार्वती झाली, लेक मोहिनी. कमलाबाई गोखल्यांचं वय तेव्हा तेरा-चौदा. जानेवारी १९१४ मध्ये मुंबईच्या कोरोनेशनमध्ये चित्रपट लागला. भारतीय पडद्यावर नाचणारी पहिली बाई अशी आपल्या गावातून गेली. दुर्गाबाईंना त्या काळात लोकांनी काय काय ऐकवलं असेल याची कल्पना तुम्ही करा, मला नाही लिहिवत. आज विक्रम गोखल्यांची पणजी म्हटलं की तेच लोक हात जोडतात.

त्या कथेत बेली डान्सच्या वर्गात फ्रेम करून लावावा असा धडाही आहे. भस्मासुर मेला कशानं? समोरच्या बाईचे हात बघून तसेच हात करायला गेला म्हणून. स्वतःचाच हात डोक्यावर ठेवला आणि भस्म झाला. यूट्यूबवर बघून पाठ मागे वाकवणाऱ्या सगळ्या भगिनींनी हे लक्षात ठेवावं. गादी सरकलेली असेल, पोटाची शस्त्रक्रिया नुकती झाली असेल, बाळंतपणाला थोडेच महिने झाले असतील, तर आधी डॉक्टर. मागे वाकण्याचे प्रकार पहिल्या वर्षी नकोतच. आणि गुळगुळीत ओल्या फरशीवर मोजे घालून शिमी करायची नाही. हे सांगायची वेळ आली, यावरून काय ते समजा.

मराठी बाईनं पडद्यावर हा नाच करायची हौसही भागली आहे. सचिन कुंडलकरांच्या ‘अय्या’मध्ये २०१२ साली राणी मुखर्जी मीनाक्षी देशपांडे झाली होती, आणि ठसक्यात बेली डान्स करताना गाण्याचे बोल काय होते, तर ‘अगा बाई’! आता म्हणा. आपला जो उद्गार धक्का बसल्यावर तोंडून निघतो, त्यावरच कंबर हलली. चित्रपट काही चालला नाही. माझ्या मते तो दहा वर्षं लवकर आला. त्याआधी ‘नटरंग’नं, १ जानेवारी २०१० ला, लावणी फडावरून उचलून सोसायटीच्या गणपतीत आणली होती. तेव्हाही सभा झाल्या होत्या. आज त्या काकांची नातच नऊवारी नेसून बक्षीस घेते आणि काका पहिल्या रांगेत मोबाइल आडवा धरून बसतात. आपल्या गावाचं असंच आहे. तीर्थक्षेत्री दारू म्हणून वाइनच्या कारखान्यांना नाकं मुरडली, आता पाहुणे आले की सकाळी काळाराम आणि संध्याकाळी सुला. तेव्हा बेली डान्सला घाई नको. पाचेक वर्षांत काका स्वतः क्लबहाउसचे पडदे धुवायला टाकतील.

बरं, याने बारीक होतं का? बाहेर कुजबुजीत विचारला जाणारा प्रश्न हाच असतो, म्हणून उत्तर देऊन टाकते. पोट नाचवल्यानं पोट जात नाही. शरीराच्या एकाच जागची चरबी हवी तेव्हा उतरवायची सोय देवानं ठेवलेली नाही. व्यायामशास्त्राच्या तक्त्यांत या जातीच्या नाचांना ४.५ मेट धरतात, म्हणजे स्वस्थ बसल्यावर जेवढी ऊर्जा लागते तिच्या साडेचार पट. साठ किलोच्या बाईनं तासभर मन लावून केलं तर साधारण २७० कॅलरी. त्यानंतर ‘आज व्यायाम झालाय’ म्हणून तर्रीवाली मिसळ, वर जादा पाव आणि निघताना कोंडाजी चिवड्याचा पुडा घेतला तर हिशेब उलटा फिरतो. तो भिशीवाल्या काकूंना विचारा, त्या बरोबर मांडतील. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम व्यायाम सांगते. हा त्यात चपखल बसतो. उड्या नाहीत, त्यामुळे गुडघ्यांवर आपटणं कमी. पोटाच्या आतल्या थरातले आणि बाजूचे तिरपे स्नायू, पाठीचा खालचा भाग, हे सगळं जागं होतं. दुसऱ्या दिवशी जे दुखतं ते बरगड्यांच्या खाली, बाजूला. आणि खांदे, हात हवेत तरंगते ठेवणं हे सगळ्यात जड काम.

पण खरी चोरून ऐकण्याजोगी गोष्ट व्यायामाची नव्हतीच. मधल्या विश्रांतीत सगळ्या भिंतीला टेकून पाणी पीत बसल्या आणि बोलणं निघालं. शिंक आली की पाय आवळून का उभं राहावं लागतं. जोरात हसायला भीती का वाटते. लांबच्या प्रवासात आधी स्वच्छतागृह कुठे आहे ते का शोधावं लागतं. दोन बाळंतपणं, तीन बाळंतपणं, पाळी जाण्याचे दिवस. कुणाच्या टाक्यांच्या खुणा, कुणाचं सुटलेलं पोट. पंधरा वर्षं शेजारी राहून, वाटीभर साखरेची देवाणघेवाण करूनही या बायका हे एकमेकींशी बोलल्या नव्हत्या. बेली डान्सनं हे बरं होतं असा दावा मी करणार नाही. ओटीपोटाखालच्या स्नायूंसाठी वेगळे व्यायाम असतात आणि ते फिजिओथेरपिस्टकडून शिकायचे असतात. त्या दिवशी दोघींनी तिथल्या तिथे तशा डॉक्टरीणबाईंचा नंबर घेतला, एवढंच सांगते. पडदे ओढून चाललेला चावट कार्यक्रम तो हा.

आणि आरसा. क्लबहाउसच्या एका भिंतीला आहे. घरी आपण आरशात बघतो ते तुकड्यांत. टिकली मधोमध आली की नाही, निऱ्या नीट आहेत का, मागून पदर घसरला तर नाही ना. इथे तासभर स्वतःच्या पोटाकडे टक लावून बघायचं आणि त्याला आत ओढायचं नाही. सुरुवातीला सगळ्या छताकडे बघत नाचत होत्या. मुलगी ओरडली, ‘काकू, पंख्यात काही नाहीये!’ सासूबाई सगळ्यात आधी सरळ बघायला लागल्या. म्हणाल्या, ‘हे पोट चार पोरांनी वापरलंय, मी एकदा बघून तरी घेते.’ त्या दिवसापासून सुनेच्या ब्लाउजचा विषय निघालेला नाही. सून अजून धक्क्यात आहे.

ऑस्ट्रेलियातल्या फ्लिंडर्स विद्यापीठातल्या मारिका टिगेमान आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये याच विषयावर संशोधन छापलं. बेली डान्स करणाऱ्या बायका आणि महाविद्यालयातल्या इतर मुली-बायका यांची तुलना केली. नाचणाऱ्या बायका स्वतःच्या शरीराबद्दल जास्त समाधानी आढळल्या, आणि आपण इतरांना कशा दिसतो याची चिंता त्यांना कमी होती. अर्थात, नाचानं आत्मविश्वास आला की आत्मविश्वास होता म्हणून त्या नाचायला गेल्या, हे अशा पाहणीतून ठरत नाही. तो वाद राहू द्या. मला त्यातली दुसरीच गोष्ट महत्त्वाची वाटली. हा नाच का करता, यावर त्या बायकांचं मुख्य उत्तर होतं की मजा येते म्हणून. नवऱ्याला आवडतं म्हणून नव्हे, बारीक व्हायचंय म्हणूनही नव्हे.

इथे काकांची हरकत मला एकदम समजली. मजा! तीच तर भानगड आहे. बाई सकाळी अकराला दवाखान्यात गेली तर चालतं. देवळात गेली तर उत्तमच. मुलाच्या क्लासबाहेर भर उन्हात दोन तास स्कूटरवर बसून राहिली तर आदर्श माता. योगाला गेली तरी ‘डॉक्टरांनी सांगितलंय, पाठीसाठी’ असं कारण पुढे करता येतं. चालायला गेली तर येताना कोथिंबीर आणते. प्रत्येक तासाला एक कारण लागतं आणि कारण घरातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी उपयोगाचं असावं लागतं. अगदी तिची पाठसुद्धा धड हवी ती कामासाठी. आणि ही पन्नाशीतली बाई तोंड वर करून सांगते, आठवड्यातले दोन तास माझे, फी माझ्या पैशातून, फायदा कुणालाही नाही, मला मजा येते. शिव शिव! यापेक्षा साप परवडला.

सभेचा निकाल सांगायचा राहिला. क्लबहाउस बंद करण्याचा ठराव काकांनी मांडला, अनुमोदन कुणी देईना. ज्यांनी द्यायचं त्यांच्या सौभाग्यवती समोरच बसल्या होत्या. मग तडजोड म्हणून आवाजाचा मुद्दा निघाला. वहिनींनी लगेच मान्य केलं, जाड सतरंजी आणली. नाण्यांचा आवाज मात्र कमी होणार नाही म्हणाल्या, कारण ठेका चुकला की नाणीच आधी सांगतात. जानेवारीपासून शनिवारचा आणखी एक वर्ग सुरू होतोय. नावनोंदणीच्या वहीत काकांच्या घरातलंही एक नाव आहे. कुणाचं ते सांगणार नाही. पोटात ठेवते.

जाता जाता घरातल्या पुरुषमंडळींना एक विनंती. मंगळवारी आणि गुरुवारी बारा वाजेपर्यंत घरातली बाई परत यायची नाही. तेवढा कुकर तुम्ही लावा. डाळ आणि तांदूळ वेगवेगळ्या डब्यांत, डाळीत चिमूटभर हळद, तळाला पाणी घालायला विसरू नका. तीन शिट्ट्या झाल्या की गॅस बंद करा.